उंबऱ्यातली गल

मार्तंड गुरुजींच्या पलंगाखाली कातड्याची एक लांबोडकी पिशवी होती. नवा पाहुणा आला की त्याचा पाय तिला हटकून लागायचा. पाहुणा वाकून विचारायचा, "गुरुजी, तंबोरा शिकता काय?" गुरुजी म्हणायचे, "नाही. ते नरसिंगचं आहे." एवढंच. पिशवीला कुलूप नव्हतं, गुरुजींचा शब्द होता. त्या घरात शब्द कुलपापेक्षा जड होता.

ती पिशवी भूकंपानंतरच्या मदतीत आली होती. तेरणेच्या बाजूचं ते गाव एका पहाटे झोपेतच पडलं. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर मातीचं धाबं. भिंत जेवढी जाड, तेवढं माणूस खोल गेलं. उरलेली माणसं रानात पत्र्याच्या शेडात आली आणि मग मदतीचे ट्रक सुरू झाले. गहू आला, रॉकेल आलं, ब्लँकेटं आली. त्यांच्यामागोमाग लोकांच्या कपाटांतली अडगळही आली. कोट आले, टाय आले, उंच टाचांच्या चपला आल्या. गावानं कशालाच नाही म्हटलं नाही. कोट थंडीत बैलांच्या पाठीवर पडले. टायांनी शेळ्या बांधल्या.

उदगीरचा निजामोद्दीन तो ट्रक चालवायचा. तोंडाचा फटकळ, हाताचा मऊ. लातूरच्या गोदामात माल भरायचा आणि शेडांपुढं उतरवताना स्वतःच पोती खांद्यावर घ्यायचा. एक दिवस त्यानं ती पिशवी गुरुजींपुढं आणून टाकली.

"गुरुजी, ही सगळीकडं फिरून आली. कुणी घेईना. तुम्ही खेळाचे मास्तर ना? ठेवा."

"पण आहे काय हे?"

"मला काय माहीत? काठ्या हायत, काठ्यांना लोखंडाची टाळकी हायत. पोरांना न्हाई जमलं तर कुत्री हाका."

मार्तंड गुरुजी मूळचे नांदेडच्या होळी भागातले. बदलीनं त्या गावच्या शाळेत येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. गणपतीला बायकोसह नांदेडला गेले होते म्हणून वाचले. परत आले तेव्हा शाळा नव्हती, हजेरीपटावरची निम्मी नावं नव्हती. खेळाच्या सामानात गळ्यातली शिट्टी तेवढी उरली होती. ती वाजवायचं त्यांना धाडस होत नव्हतं. शिट्टी ऐकली की पोरं दचकून शेडाबाहेर पळायची.

त्या पोरांत दुसरीतला नरसिंग होता. गणपती बुडवून आल्यावर तो नाचून नाचून दमला आणि मारुतीच्या पारावरच झोपला, म्हणून तेवढा वाचला. घरात आई, बाप आणि दोन बहिणी होत्या. त्या दिवसापासून त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. एक चुलता येऊन बघून गेला, परत काही आला नाही. मग गुरुजींच्या बायकोनं, कुसुमबाईंनी, त्याला आपल्या शेडात आणलं. त्यांना मूल नव्हतं. त्यांनी त्याला काही विचारलं नाही. ताट वाढलं आणि शेजारी बसून राहिल्या.

बुलडोझरनं जुनं गाव सपाट केलं होतं. मोठ्या माणसांचा पाय तिकडं वळत नव्हता, पण पोरं जायचीच. गुरुजींनी विचार केला, जाणारच असतील तर आपण बरोबर असावं. त्यांनी काठ्या घेतल्या, गारगोटीवर टायांच्या चिंध्या गुंडाळून चेंडू केले आणि पोरांना म्हटलं, मारा. गोट्या खेळताना जमिनीत खळगा करतात, त्याला पोरं गल म्हणतात. तशा गली त्यांनी इथं तिथं करून दिल्या. नियम असा कुठलाच नव्हता. चेंडू गलीत गेला की झालं.

नरसिंग बाजूला बसून बघायचा. एकदा गुरुजींनी काठी त्याच्या हातात दिली आणि आपण मुद्दाम दुसरीकडं तोंड केलं. मागं ठप्प असा आवाज झाला. चेंडू घरंगळत गेला, एका गलीच्या काठावर घुटमळला आणि आत पडला. नरसिंग तिथं जाऊन उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "हे वीरण्णाचं दुकान."

पोरं जवळ सरकली. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज ऐकत होती. मग एक पोर म्हणालं, "व्हय की. वीरण्णा गूळ तोलताना बोट चाटायचा."

"आन् चाटून झालं की तेच बोट तराजूला लावायचा," नरसिंग म्हणाला, आणि हसला.

खेळाला नियम मिळाला तो तिथं. चेंडू गलीत पडला की त्या जागी कुणाचं घर होतं ते सांगायचं आणि त्या घरातल्या माणसाचं काहीतरी सांगायचं. सांगता आलं नाही तर फटका धरायचा नाही. मारुतीच्या पारावरून सुरुवात. मग वीरण्णाचं दुकान, मग शेषेरावाचा गोठा, मग विरूपाक्ष स्वामींचा मठ, मग श्रीमंत न्हाव्याची वसरी, म्हणजे दारापुढची ओसरी. श्रीमंतची बायको शेळीला माणसासारख्या शिव्या द्यायची. स्वामींच्या मठात भस्माच्या डब्यात उंदीर मेला होता. असं गल्लीगल्लीनं चेंडू पुढं जायचा. गाव हळूहळू पोरांच्या तोंडून उभं राहायचं.

मोठी माणसं आधी चिडली. "मेलेल्यांच्या घरावर काठ्या कसल्या मारता रे?" असं म्हणत एक म्हातारी दगड घेऊन धावली. तेवढ्यात कुणाचा तरी चेंडू गलीत गेला आणि ते पोर तिच्याच सुनेबद्दल सांगायला लागलं, की ती भाकरी थापताना गाणं म्हणायची आणि कुणी ऐकलं की लाजायची. म्हातारीनं दगड खाली ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ती बाजूला येऊन बसू लागली. कुणी चुकलं की दुरुस्त करायची.

शेवटची गल नरसिंगच्या घराची होती. घराचं काही उरलं नव्हतं, फक्त उंबऱ्याचा दगड जागेवर होता. त्याच्या आतल्या अंगाला ती गल. तिथं चेंडू घालायचा मान नरसिंगचा. दुसरं कुणी त्या गलीत मारायचं नाही, हे कुणी न सांगता ठरलेलं होतं. चेंडू आत पडला की नरसिंग उंबऱ्याशी जायचा, वाकून चेंडू उचलायचा आणि हळूच म्हणायचा, "आलो गं माय." पहिल्या दिवशी पोरं हसली. पुन्हा कुणी हसलं नाही. तेवढं झालं की खेळ संपायचा आणि पोरं शेडाकडं परतायची.

छावणीत सैन्यातला एक डॉक्टर होता. त्यानं एकदा हा खेळ लांबून पाहिला आणि जवळ येऊन म्हणाला, की याला गोल्फ म्हणतात. मोठमोठाली मैदानं असतात, हिरवीगार, त्यांत अठरा गली असतात. त्यानं नरसिंगचे अंगठे धरून काठीवर नीट बसवले. बोटांना जागा दिली. चार फटके मारून घेतले आणि गुरुजींना म्हणाला, "पोराचा हात सरळ आहे. याला एकदा खरं मैदान दाखवा."

निजामोद्दीनला ते मैदान माहीत होतं. "हैदराबादच्या वाटेवर हाय ना. काही मैदानं साहेब लोकांची असतात, पण हे तसं न्हाई. पावती फाडली की कुणीबी आत. माझा भाचा जुबेर तिथं गवत कापायच्या यंत्रावर हाय."

गुरुजींनी तिथल्या तिथं नरसिंगच्या डोक्यावर हात ठेवला. "आपण जाऊ. तुला खरं मैदान दाखवतो. शब्द."

नरसिंगनं विचार केला आणि विचारलं, "गुरुजी, तिथलं गाव कवा पडलं?"

गुरुजींना आधी कळलं नाही. मग कळलं. पोराला वाटत होतं, हा खेळ पडलेल्या गावावरच खेळतात. हैदराबादेतही कधीतरी एक गाव पडलं असेल, अठरा घरांचं. तिथलीही पोरं दारादारात चेंडू मारत असतील, नावं घेत असतील. आपण गेलो की आपण त्यांच्यातलेच. निजामोद्दीननं तोंड उघडलं होतं, गुरुजींनी त्याच्या दंडाला धरलं.

"गेल्यावर विचारू," गुरुजी म्हणाले.

तिथून त्या सहलीचा बेत सुरू झाला. बेत करणं हे त्या घरातलं एक कामच होऊन बसलं. कुसुमबाईंचं माहेर धर्माबादचं. त्या म्हणायच्या, नांदेडहून मुदखेडला गाडी बदलायची, धर्माबादला भावाकडं मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी बासरला सरस्वतीच्या पायावर पोराला घालायचं आणि मग पुढं. गुरुजी म्हणायचे, "अगं, उदगीर-बिदरवरून सरळ गेलं तर काय वाईट? खेळ बघायला चाललोय, का धर्माबादच्या बाजारातनं मिरच्या आणायला?"

"तुमच्या सरळ वाटेवर सरस्वती आहे का कुठं?"

"वहिनी, तुम्ही माझ्या ट्रकात बसा," निजामोद्दीन म्हणायचा. "सरस्वती बी दाखवतो, मिरच्या बी भरतो. पण सांगून ठेवतो, तिथं कॉलरचा शर्ट लागतो. पायात बूट लागतात."

"आणि मला? मला काय लागतं?"

"तुम्ही बाकावर बसा. बाकाला कॉलर लागत न्हाई."

कुसुमबाईंनी कॉलरचा पांढरा शर्ट शिवून घेतला. गुरुजींनी पांढरे कॅन्व्हासचे बूट आणले. पण त्या वर्षी नव्या गावात घरांचं वाटप निघालं, पुढच्या वर्षी शाळा बांधायचं निघालं, आणि त्यात पोराचा पाय वाढला. बूट दुसऱ्या पोराला दिले, नवे आणले. तेही लहान पडले. शर्टाचंही तेच, दर वेळी नवा शिवायचा. नव्या गावात रस्ते रुंद होते, घरं सिमेंटची, एका मापाची, दारावर नंबर. नरसिंगला कुणी विचारलं, कुठं राहतो, तर तो नंबर सांगायचा. संध्याकाळी मात्र काठी घेऊन जुन्या गावात जायचा. बरोबरची पोरं कमी होत गेली. कुणी पुण्याला हॉटेलात गेलं, कुणी मामाकडं. म्हातारी वारली. शेवटी गुरुजी आणि तो, दोघंच राहिले. तरी पारापासून उंबऱ्यापर्यंत एकही घर न गाळता तो जायचा.

त्याला हळूहळू कळलं असेल का, की हैदराबादेत कुठलं गाव पडलेलं नाही? गुरुजींनी कधी सांगितलं नाही. सहल पुढं ढकलली गेली की त्यांना वाईट वाटायचं, आणि आतून कुठंतरी बरंही वाटायचं. गेलो तर पोराला ते सांगावं लागेल.

दहावीला नरसिंगला गावात कुणालाच कधी मिळाले नव्हते इतके गुण पडले. लोकांनी पेढे वाटले आणि नव्या गावातल्या पारावर बसून त्याचं आयुष्य ठरवून टाकलं. भूकंपाच्या दिवशी दुपारपर्यंत गावाकडं एक डॉक्टर फिरकला नव्हता. कितीजण दगडाखाली बोलत बोलत गेले, हे प्रत्येकानं ऐकलेलं होतं. आता गावाचा स्वतःचा डॉक्टर होणार. लातुरात तेव्हा क्लासचं पेव फुटलं होतं. गल्लीगल्लीत पाट्या, पाट्यांवर पोरांचे फोटो, फोटोंखाली गुण. सगळ्या मराठवाड्यातून पोरं तिकडं चालली होती. नरसिंगही चालला.

निघायच्या दिवशी गुरुजींनी काठ्या पुसल्या, पिशवीत घातल्या आणि पिशवी पलंगाखाली सारली.

"आता बारावी होईपर्यंत काठीला हात नाही. लक्ष दोन्हीकडं फुटतं. बारावी झाली, नंबर लागला, की त्याच आठवड्यात हैदराबाद. बूट नवे घेऊन ठेवतो."

"सुट्टीत आलो की एकदा तरी, गुरुजी? नुसतं पारापासून उंबऱ्यापर्यंत?"

"शब्द दिलाय ना तुला? मग तूही दे."

नरसिंगनं दिला.

पोराच्या मागं आईनं लातूरला जाऊन राहायचं, खोली घेऊन दोन वर्षं त्याला रांधून घालायचं, हे तेव्हा घरोघर चाललं होतं. कुसुमबाईही गेल्या. क्लासच्या भागात खोली मिळाली, पण वर स्लॅब होता. नरसिंगला स्लॅबखाली झोप लागेना. मग त्यांनी घरमालकीणबाईला सांगून गच्चीवरचा पत्र्याचा आडोसा मागून घेतला. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापायचा. पोराला तो चालायचा. पत्रा अंगावर पडला तरी माणूस मरत नाही, असं तो म्हणायचा.

त्या गल्लीत जळकोटच्या, परभणीच्या, बिलोलीच्या अशा कितीतरी आया होत्या. नवरे गावाकडं, आपण लातुरात. भाजी निवडताना सगळ्यांचं एकच बोलणं, कालच्या टेस्टला तुमचा कितवा आला. जळकोटची एक बाई कुसुमबाईंना म्हणाली, "काकू, तुमचं पोरगं म्हणं गोल्फ खेळतं? आम्ही तर आमच्याला विटीदांडू बी विसरायला लावला बाई."

"आमचं परीक्षेनंतर आहे," कुसुमबाई म्हणाल्या. "बेत सगळा झालेला आहे."

बारावीचा निकाल लागला आणि नरसिंगचा डॉक्टरकीचा नंबर थोडक्यात हुकला. सगळे म्हणाले, एवढ्यासाठी सोडू नका, एक वर्ष आणखी. गुरुजींनी बूट पुन्हा खोक्यात ठेवले. दुसऱ्या वर्षीही थोडक्यातच गेलं, पण ते थोडकं आधीच्यापेक्षा मोठं होतं. बरोबरची पोरं पुढं गेली, त्यांचे धाकटे भाऊ त्याच्याशेजारच्या बाकावर येऊन बसले. नरसिंगला सुट्टी अशी राहिलीच नाही. तो गावाकडं आला तर दिवसभरात परतायचा. आता त्याचा पाय वाढत नव्हता. बूट मापाचेच होते आणि नवेच होते.

निजामोद्दीन जाता येता गाडी थांबवायचा. "गुरुजी, माझा ट्रक भंगारात निघायला आला, तुमची सहल निघंना. काय करून राहिले?"

"निकाल लागू दे. लागला की निघालोच."

मग एका दुपारी कुसुमबाई अचानक गावाकडं आल्या. हातातली पिशवीही खाली ठेवली नाही, दारातच बोलल्या.

"अहो, निकालाची वाट नका बघू आता. घेऊन जा त्याला."

"परीक्षा तोंडावर आली आहे, कुसुम."

"तो जेवताना पुटपुटतो. झोपेत पुटपुटतो. काल मी विचारलं, मीठ बरोबर आहे का, तर माझ्याकडं बघत राहिला, जसा काही मी अवघड प्रश्न विचारला. पहिलं बोलत नव्हता ना, ते पोर बरं होतं हो. त्याला आतून काहीतरी सांगायचं होतं. आता आतही काही नाही. त्याला तेवढं एक मैदान दाखवा."

गुरुजींनी पलंगाखालून पिशवी ओढली. तिचा पट्टा उंदरांनी कुरतडला होता. दुसऱ्या दिवशी ती खांद्यावर घेऊन ते लातूरच्या एसटीत चढले. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, बंदुका घेऊन कुठं निघाले?" गुरुजींना हसू आलं. किती वर्षांनी काहीतरी ठरवल्यासारखं त्यांना वाटत होतं.

गच्चीवर सगळे जमले. निजामोद्दीनलाही निरोप गेला होता, तो उदगीरहून खारे शेंगदाणे घेऊन आला. कुसुमबाईंनी चहा ठेवला. नरसिंग पत्र्याच्या सावलीत मांडीवर पुस्तक घेऊन बसला होता. पिशवी बघून उठला, पण जवळ आला नाही.

"नरसिंग, आपण सोमवारी निघतोय," गुरुजी म्हणाले. "निकाल नाही, काही नाही. तुझ्या काकूच्या मनासारखं, धर्माबाद, बासर, मग हैदराबाद. जुबेर फाटकावर घ्यायला येणार आहे."

"मी बोललो त्याच्याशी," निजामोद्दीन म्हणाला. "तो म्हणतो, सकाळी लौकर या, दंव असताना. गवत असं हाय की अनवाणी चाललं तर पाय धुतल्यासारखा होतो. प्रत्येक गलीत एक झेंडा. लांबून दिसतो. झेंड्यावर नंबर."

"नंबर?" नरसिंगनं विचारलं. त्या दुपारी तो पहिल्यांदाच बोलला.

"हाव. एक नंबर, दोन नंबर, असं अठरापर्यंत."

नरसिंग खाली बघत राहिला. कुसुमबाईंनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजींना वाटलं, जे सांगायचं होतं ते आता सांगावं लागणार.

"नरसिंग, तिथं कुठलं गाव..."

"माहीत हाय, गुरुजी. दहावीतच माहीत झालं व्हतं. तिथं कुठलंच गाव पडलं न्हाई. तिथं आधीपासून गवतच हाय." त्यानं बोटानं पुस्तकाचा कोपरा दुमडला, परत सरळ केला. "तरी मला जायचं व्हतं. मी म्हणत व्हतो, नंबर असू दे. मी एक नंबरला वीरण्णाचं दुकान म्हणीन, दोन नंबरला शेषेरावाचा गोठा. अठरा जागा हायत. आपलं गाव तिथं नेऊन ठेवता येईल. हिरव्या गवतावर."

निजामोद्दीनच्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला.

"मग तेच करू," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज मोठा झाला. "तेच करू की! सोमवारी निघू. म्हण बघू, पारापासून. वीरण्णाचं दुकान..."

"वीरण्णाचं दुकान," नरसिंग म्हणाला. "शेषेरावाचा गोठा. स्वामींचा मठ." तो थांबला. "मठाच्या पुढं..."

"न्हाव्याची वसरी."

"हां. श्रीमंत न्हाव्याची वसरी. त्याच्या पुढं..."

गच्चीखालून सायकलींच्या घंट्या ऐकू येत होत्या, कुठलीशी बॅच सुटली होती. गुरुजी वाट बघत राहिले. मग त्यांनी स्वतः आठवायला सुरुवात केली, आणि त्यांच्या लक्षात आलं, की वसरीपुढचं त्यांनाही येत नाही. ते त्या गावात वर्षभराचेही नव्हते. त्यांना जे माहीत होतं ते पोरांच्या तोंडून ऐकलेलं. आणि रोज ऐकायचं थांबवलं ते त्यांनीच.

"येईना, गुरुजी," नरसिंग म्हणाला. "मागंच येईनासं झालं. मला वाटलं, परीक्षेपुरतं बाजूला सरकलं असंल."

"आपण जुन्या गावात जाऊ," गुरुजी घाईनं म्हणाले. "उद्याच जाऊ. तिथं पाय पडला की आपोआप येईल. मग तिथून हैदराबाद."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं गेले. कुसुमबाईंनी हट्टानं नरसिंगला तो कॉलरचा नवा पांढरा शर्ट घालायला लावला, बूटही. फुफाट्यात ते लगेच लाल झाले. जुन्या गावाच्या जागी वेडी बाभूळ माजली होती. डोक्याच्या वर गेलेली, एकमेकांत गुंतलेली, आत शिरायला वाट नाही. मारुतीचा पार तेवढा बाहेर राहिला होता. गुरुजी काटे बाजूला करत करत एका बाजूनं आत गेले, उंबरा सापडतो का ते बघायला. जिथं असावा असं वाटत होतं तिथं दगड नव्हता. पलीकडच्या रानात कुणीतरी नवा बांध घातला होता, चांगल्या घडीव दगडांचा. त्यांतला उंबरा कुठला, हे सांगता येण्यासारखं नव्हतं. गुरुजी हाताला ओरखडे घेऊन बाहेर आले.

नरसिंग पारावर काठी घेऊन उभा होता. अंगठे डॉक्टरनं बसवले होते तसेच बसले होते. हात विसरला नव्हता.

"कुठं मारू, गुरुजी?"

गुरुजींनी समोर बाभळीकडं बघितलं. मग हात वर करून एक दिशा दाखवली. ती कुणाच्या घराची होती, त्यांना माहीत नव्हतं. नरसिंगला ते कळलं, असं त्याच्या तोंडावरून वाटलं. तरी त्यानं मारला. चेंडू सरळ गेला, काट्यांत शिरला आणि दिसेनासा झाला.

कुसुमबाई थांबल्या होत्या. गुरुजी थांबले होते. त्यानं काहीतरी म्हणावं म्हणून थांबले होते, नुसतं 'आलो गं माय' असतं तरी चाललं असतं, चुकीच्या घराचं नाव असतं तरी चाललं असतं. नरसिंग बाभळीकडं बघत राहिला. मग त्यानं काठी पुसून पिशवीत ठेवली.

"लातूरची गाडी कितीला हाय, गुरुजी? मला दुपारी टेस्ट हाय."

सोमवारी कुणी कुठं गेलं नाही. त्या वर्षीही निकाल लागला, त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. नरसिंग आता लातुरातच एका वसतिगृहावर देखरेखीला आहे. पोरांना पहाटे उठवतो, टेस्टला सोडतो, त्यांचे कितवे नंबर आले ते फळ्यावर लिहितो. कामात चोख आहे. वसतिगृहाच्या गच्चीवर पत्र्याची खोली आहे, तिथं राहतो. डॉक्टर व्हावा असं आता गावात कुणी म्हणत नाही. दिवाळीला येतो, कुसुमबाईंच्या हातचं जेवतो. मीठ बरोबर आहे का विचारलं की हो म्हणतो.

गुरुजी निवृत्त झाले. पिशवी पुन्हा पलंगाखाली गेली, बूट खोक्यात. निजामोद्दीनचाही ट्रक सुटला, पण तो अधूनमधून एसटीनं येतो, ओट्यावर बसतो आणि जुन्या सवयीनं विचारतो, "मग गुरुजी, हैदराबादला कवा निघायचं?"

गुरुजी रस्त्याकडं बघतात. समोर घरांची रांग, दारादारावर नंबर.

"बघू," ते म्हणतात. "निकाल लागू दे."

कुठला निकाल, हे निजामोद्दीन विचारत नाही. तो शेंगदाण्याची पुडी सोडतो आणि दोघं खात बसतात.